पहिल्या रविवारनंतरचा सोमवार

विल्सन गार्डन, बंगळूर
मंगळवार, २० ऑगस्ट १९९६

सुखदा,

हा पत्ता तुझाच आहे की नाही, मला माहीत नाही. तुझ्या आईच्या गीतांच्या पुस्तकात शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहिलेला सापडला. नाव नव्हते. घराचा नंबर, गल्ली आणि खाली 'बोम्मसंद्रा' एवढेच. हे पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडले असेल तर त्यांनी कृपा करून पाकिटामागच्या पत्त्यावर परत पाठवावे.

तुझी आई शुक्रवारी, ९ ऑगस्टला सकाळी गेली. गॅसवर दूध होते. मी पेपर वाचत होतो. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून हाक मारली, उत्तर आले नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले, त्रास झाला नसेल. शनिवारी होसूर रोडच्या दफनभूमीत तिला ठेवले.

हे मी कळवतो आहे, पण तुला ते आधीच ठाऊक असावे अशी मला शंका आहे. माती देताना सगळ्यांच्या मागे, फाटकाशी, एक गृहस्थ हातात हेल्मेट धरून उभे होते. पुढे आले नाहीत. मी त्यांना एकदाच पाहिले आहे, साडेतीन वर्षांपूर्वी. तुझ्याशी लग्न करायचे आहे हे सांगायला ते आपल्या घरी आले होते आणि मी त्यांना बसा म्हटले नव्हते. मी तुम्हाला निरोप पाठवला नव्हता. मग कोणी पाठवला?

आणखी एक. आपल्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा पाव वाटतात. त्यानंतरच्या सोमवारी तुझी आई सकाळी दहाला घरातून निघायची, चारपर्यंत परत यायची. अंबुबाईंबरोबर इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला जाते, असे मला सांगायची. हंबीरराव अजून मंडळीचे चिटणीस आहेत, आणि त्यांच्या अंबुबाई पहिल्यासारख्याच सगळीकडे धावून जातात. अंत्यविधीनंतर मी अंबुबाईंना म्हटले, "आता इस्पितळाचं काम तुम्हा एकटीवर पडणार."

त्या म्हणाल्या, "कुठलं इस्पितळ?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हां, हां. ते होय." आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

तू मंडळीबाहेर, रजिस्टर पद्धतीने लग्न केलेस म्हणून पंचकमिटीने १९९३च्या मार्चमध्ये तुला प्रभुभोजनातून वगळले. तो ठराव अजून कायम आहे. तुला भेटू नये असे त्यात लिहिलेले नाही. म्हणून तुझी आई तुला भेटत असेल तर तो गुन्हा नव्हता. पण ती माझ्याशी खोटे का बोलली, हे मला कळले पाहिजे. चौतीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटे बोलल्याचे मला आठवत नाही.

उमाकांत साळवे,
पाळक


मंगळवार, ३ सप्टेंबर १९९६

सुखदा,

पत्र परत आले नाही. म्हणजे ते कोणीतरी ठेवून घेतले आहे. ती तू आहेस असे धरून लिहितो.

परवा तुझ्या आईवाचूनचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार झाला. तमिळ मंडळीची उपासना तीनला संपते आणि मग सभागृह आपल्याला मिळते, हे अजून तसेच आहे. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली चार नवी मुले-मुली आली होती. पाव कापायचे आणि मनुकांचा रस करायचे काम तुझी आई करायची, ते अंबुबाईंनी केले. तुकडे मोठे झाले होते.

उपासनेनंतर अंबुबाई टेबलावरची चादर घडी करता करता म्हणाल्या, "पाळकसाहेब, वहिनींचा तो रुमाल घरीच असेल ना? तेवढा मला द्याल? आठवण म्हणून."

मी विचारले, "कुठला रुमाल?"

हंबीरराव दाराशी उभे होते. ते एकदम म्हणाले, "अंबू, चल. बस जाईल." त्यांच्या घराला बस लागत नाही. ते मागच्याच गल्लीत राहतात.

घरी येऊन मी तुझ्या आईचे कपाट उघडले. आजवर उघडले नव्हते. गीतांच्या पुस्तकाची जी पिशवी ती रविवारी नेत असे, तिच्या आतल्या कप्प्यात एक पांढरा रुमाल मिळाला, कोपऱ्यात निळी वेल भरलेली. धुतलेला होता, पण शिवणीत पावाचा चुरा होता. मी तो कागदावर झाडून पाहिला. पावाचाच चुरा होता.

सुखदा, मी सरळ विचारतो. प्रभूच्या टेबलावरून तुझी आई पाव उचलून नेत होती का? आणि कोणासाठी? शेजारच्या मथुराक्का घरात कोणी आजारी पडले की आपल्याकडे प्रार्थनेला सांगतात. त्यांनी औषधासारखा मागितला असेल का, हेही माझ्या मनात आले. किंवा तुझ्यासाठी. ज्याला वगळले आहे त्याला टेबलावरची भाकर चोरून देणे हा देणाऱ्याचाही अपराध आहे. साध्या सभासदाने केले असते तर मी त्याला कमिटीपुढे उभे केले असते. ही पाळकाची पत्नी होती.

दर महिन्याला मी मंडळीचे एक पानी पत्रक काढतो, ते तुला आठवत असेल. 'रोजचा विश्वास' या मथळ्याखाली मी त्यात अर्धे पान लिहितो. रेशनच्या रांगेत, बसमध्ये, घरमालकाशी बोलताना ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, असे साधे विषय असतात. या महिन्याचा विषय 'संशय' असा मी जूनमध्येच ठरवून ठेवला होता. लिहायला बसलो आणि दोन ओळींपलीकडे जाता आले नाही. संशय मनात येणे हे पाप नाही, त्याला खुर्ची देऊन बसवणे हे पाप आहे, असे लिहिले होते. मग तो कागद फाडला. या वेळी पत्रक निघाले नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

उमाकांत साळवे


गुरुवार, १९ सप्टेंबर १९९६

सुखदा,

तू उत्तर दिले नाहीस. न देणे हेही एक उत्तरच आहे, असे मी समजू का?

मी मथुराक्कांना विचारले. आपल्या कंपाउंडला लागूनच त्यांचे घर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, असे त्या नेहमी सांगतात. गणपती तीन दिवसांपूर्वी बसले, त्यामुळे त्या कामात होत्या. मी पायरीवरच उभा राहिलो.

त्या म्हणाल्या, "या अण्णा, स्वल्प बसा. खुर्ची देते."

मी म्हटले, "बसत नाही. एकच विचारायचं आहे. प्रमोदिनी सोमवारी कुठे जात होती?"

त्यांनी हातातले ताट खाली ठेवले. "चार वर्षं होत आली. इतक्या सोमवारांत नाही विचारलंत. आता अक्का गेल्यावर विचारता?"

"मला वाटायचं, इस्पितळात जाते."

"सोमवारी तुम्ही झोपता अण्णा. जेवून जे आडवे होता ते चारला उठता. अक्का तर म्हणायच्या, देवाने सातव्या दिवशी विश्रांती घेतली, आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली." असे म्हणून त्या हसल्या, आणि मग डोळे पुसले. "आनेकलच्या बसनं जायच्या. माझी बहीण त्याच रस्त्याला राहते, म्हणून कधी कधी मीही असायची. त्या बोम्मसंद्राला उतरायच्या, मी पुढं जायची."

"हातात काय असायचं?"

"पिशवी. आणखी काय असणार, तलवार?"

"पिशवीत काय असायचं?"

"ते मी बघितलं नाही आणि बघितलं असतं तरी सांगणार नाही. तुमचा देव तुमच्याकडे. तुमच्या जावयाच्या, अद्वैतच्या फॅक्टरीत माझ्याच पोराकडून फोन करवला मी, ते मात्र सांगते. आई गेली हे मुलीला कळायला नको? सरी, ठीक आहे, आता रागवा."

मी रागावलो नाही. पण त्या बाईंना सगळे माहीत आहे आणि मला नाही, हे मला सहन झाले नाही. दाराबाहेर पडताना वाटले की गल्लीतल्या सगळ्यांनाच माहीत असेल. भाजीवाल्यालाही.

मी अंबुबाईंनाही विचारले. पाव प्रमोदिनी किती कापायची, आणि कधी कमी पडला का. त्या म्हणाल्या, "कधीच नाही. हजर माणसं मोजून तेवढेच तुकडे. एक उरायचा नाही की एक कमी पडायचा नाही." हे ऐकून माझा गोंधळ वाढला. टेबलावरून तुकडा गेला असता तर कोणीतरी रिकाम्या हाताने राहिले असते. तसे एकदाही झाले नाही. मग रुमालात चुरा आला कुठून? अंबुबाई खोटे बोलत असतील. त्या दोघी एकाच बाकावर बसत.

परवा होसूर रोडला एका आजारी सभासदाकडे गेलो होतो, तेव्हा तुमच्या भागातून बस गेली. तिकडे फारच कारखाने झाले आहेत. हवा बरी नाही. तुझी लहानपणची खोकल्याची तक्रार होती, म्हणून लिहिले.

तुझे वडील


मंगळवार, १ ऑक्टोबर १९९६

सुखदा,

तुझे पत्र काल मिळाले. मी ते इथे उतरवून काढतो. मी नीट वाचले आहे ना, हे तुला तपासता येईल.

"पप्पा, आईने टेबलावरून काहीही उचलले नाही. तो तिचाच वाटा होता. तुम्ही तिच्या हातावर ठेवायचात तोच. ती तो खात नव्हती, रुमालात ठेवायची. सोमवारी इकडे आणायची आणि आम्ही दोघी अर्धा अर्धा खायचो. माझ्या वगळण्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत, एकही महिना चुकला नाही. मी एकदा म्हटले, पप्पांना सांग. ती म्हणाली, सांगणार नाही, एकदा तरी डोळे उघडून बघतील. माझा बाप्तिस्मा मी सोडलेला नाही. अद्वैतने सोड म्हटले नाही. तुम्ही हे कधी विचारले नाहीत म्हणून लिहिते. सुखदा."

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की तू खोटे लिहीत आहेस. आईला वाचवण्यासाठी. मग मी आपली रीत आठवून पाहिली. बाकाबाकाने पाव वाटत जातो. कोणी लगेच खात नाही, हातात धरून थांबतात. शेवटचा तुकडा पाळकाच्या पत्नीला, कारण ती सगळ्यात मागच्या बाकावर बसते. मग मी टेबलाकडे परत येतो आणि म्हणतो, "आता आपण खाऊ या." सगळे डोळे मिटतात. मीही मिटतो. तीस वर्षे मी ते शब्द म्हणून डोळे मिटले आहेत. कोण खाते आणि कोण नाही, हे मी एकदाही पाहिलेले नाही. आपल्या मंडळीत ते कोणीच पाहू शकत नाही, फक्त ज्याचे डोळे उघडे आहेत त्याला दिसते. अंबुबाईंचे उघडे असले पाहिजेत. त्यांच्याकडून हंबीररावांना कळले असेल.

म्हणजे बेचाळीस वेळा मी तिच्या हातावर भाकर ठेवली, आणि तिने माझ्या टेबलाशी एकदाही खाल्ली नाही. तुला मी वगळले होते. तिने स्वतःला वगळून घेतले, आणि मला पत्ता नाही. त्याच काळात मी 'रोजचा विश्वास' लिहीत होतो. ती ते छापायला जाण्याआधी वाचायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायची. दुसरे काही म्हणायची नाही. एप्रिलमध्ये मी लिहिले होते की विश्वासाची परीक्षा रविवारी होत नाही, सोमवारी होते. तिने वाचून कागद परत दिला आणि म्हणाली, "परीक्षेतली 'री' ऱ्हस्व पडलीय, दीर्घ पाहिजे. दुरुस्त करा." मी दुरुस्त केले.

आता मला काही गोष्टी लिहायच्या आहेत. त्या मी आधीच्या पत्रांत तशा लिहिल्या नाहीत.

होसूर रोडला कोणी आजारी सभासद नव्हता. मी तुझाच पत्ता शोधत आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथे उभा राहून सोडा प्यायलो. पुढे आलो नाही. घरात पाव खाणारी कोण आहे, ते लपून पाहता येईल असे मला वाटले होते. पाळकाने असे करावे का, हे तू विचारू नकोस. मी स्वतःलाच विचारले आहे.

दुसरी गोष्ट. पंचकमिटीने तुला वगळले, असे मी लिहिले. ठराव मी मांडला होता. हंबीरराव उठून म्हणाले होते, "साहेब, पोर आपली आहे, सहा महिने थांबू." सगळे थांबायला तयार होते. मीच म्हटले, पाळकाच्या मुलीला एक नियम आणि इतरांना दुसरा, असे माझ्या मंडळीत चालणार नाही. हे ऐकून लोक मला नंतर कौतुकाने सलाम करू लागले. मला ते आवडले. तुझ्या आईने त्या संध्याकाळी जेवण वाढले आणि विचारले, "तुम्हाला बरं वाटलं?" मी हो म्हटले. ती काय विचारत होती, ते मला आज कळते आहे, आणि तरी अजून मनात येते की कदाचित ती फक्त माझ्या तापाबद्दल विचारत असेल. त्या आठवड्यात मला ताप होता. हे मला आता कोण सांगणार?

सहा तारखेला पुन्हा पहिला रविवार आहे.

पप्पा


सोमवार, ७ ऑक्टोबर १९९६

सुखदा,

काल काय झाले ते जसेच्या तसे लिहितो. दुसऱ्या कोणाकडून तुला कळण्याआधी.

पाव वाटला. मागच्या बाकावर शेवटी अंबुबाई होत्या. टेबलाशी परत आलो. सगळ्यांच्या हातात तुकडे होते आणि सगळे माझ्या शब्दाची वाट पाहत होते. मला तो शब्द म्हणता आला नाही. बाहेर तमिळ मंडळीचा रखवालदार किल्ल्या वाजवत होता. नव्या मुलांपैकी एक जण दुसऱ्याला हळू म्हणाला, "काय झालं यार, विसरले का?" शेवटी पहिल्या बाकावरून हंबीरराव म्हणाले, "पाळकसाहेब?"

मी म्हटले, "माझ्या पत्नीने या टेबलाशी साडेतीन वर्षे भाकर खाल्ली नाही. तिने मला सांगितले नाही आणि मी पाहिले नाही. माझी मुलगी तिथे, आम्ही इथे, असे असताना तिच्या घशाखाली उतरत नव्हती. तो ठराव मी मांडला. प्रभूसाठी मांडला असे मी तुम्हाला म्हणालो. तो मी माझ्या नावासाठी मांडला होता. आज तुम्हाला खा म्हणायचा अधिकार मला नाही. हंबीरराव, तुम्ही म्हणा."

हंबीरराव उठले. लष्करात होते, अजून ताठ उभे राहतात. मला वाटले, ते आता म्हणतील. तू मला ओळखतेस, म्हणून लिहितो. त्या क्षणीसुद्धा मला शंका आली की माझी जागा घ्यायला मिळाली म्हणून त्यांना बरे वाटत असेल.

ते म्हणाले, "मी म्हणणार नाही. मला माहीत होतं. अंबूनं पहिल्याच वर्षी सांगितलं. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, मी भ्यालो. मग मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

अंबुबाई मागून म्हणाल्या, "मग आज कोणीच खाऊ नका."

आणि कोणी खाल्ले नाही. मी परत बाकाबाकाने ताट घेऊन फिरलो आणि प्रत्येकाने आपला तुकडा ताटात ठेवला. असे मी कधी पाहिले नव्हते. टेबलावर चादर घातली. तिथेच उभ्या उभ्या कमिटी बसली आणि तुझ्यावरचा ठराव रद्द झाला. नियमाप्रमाणे वगळलेल्याने मंडळीपुढे उभे राहून कबुली द्यायची असते. एकाने ते विचारले. हंबीरराव म्हणाले, "कबुली झाली की. ऐकली नाहीत का?"

मी पुढचे तीन महिने व्यासपीठावर उभा राहणार नाही. हे कमिटीने नाही, मी ठरवले. होसूरचे पाळक येतील. 'रोजचा विश्वास' मी बंद केलेले नाही, पण सध्या लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

तू मंडळीत यावेस असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. ठराव रद्द झाला म्हणजे तू यायलाच हवे, असे मला वाटू नये म्हणून मी प्रार्थना करतो. ते मला कठीण जाते आहे.

तुझ्या आईबद्दल मला अजून शंभर गोष्टी विचाराव्याशा वाटतात. ती तुझ्याकडे आल्यावर कुठे बसायची, माझ्याबद्दल काय बोलायची, शेवटच्या सोमवारी तिला दम लागत होता का. मला हेही वाटते की तू मला सगळे सांगणार नाहीस, आणि सांगितलेस तरी मी त्यात काहीतरी शोधत राहीन. माझा हा स्वभाव एका रविवारात गेलेला नाही. म्हणून मी विचारणार नाही. तू आपणहून जे सांगशील ते ऐकेन.

येत्या सोमवारी, १४ तारखेला, मी सकाळी दहाच्या सुमारास आनेकलची बस धरीन. मी पाळक म्हणून येत नाही, आणि माझ्या हातात काही नसेल. अद्वैत घरी असतील तर त्यांना मी आधी म्हणेन की त्या दिवशी मी तुम्हाला बसा म्हणायला हवे होते. तू दार उघडले नाहीस तर मी थोडा वेळ थांबेन आणि दुपारच्या बसने परत येईन. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा येईन.

पप्पा